पत्र पत्त्यावर जातं

देवानं माझ्या व्याह्याला घडवायला घेतलं तेव्हा आधी उजवा हात केला, तो मनासारखा जमला, आणि मग हा हात कुठंतरी लटकवायला पाहिजे म्हणून उरलेला माणूस मागून जोडून दिला, असं माझं पक्कं मत आहे. मी तिसरी शिकलेला. सारी हयात लातूरच्या डाळमिलीत गेली, पोत्यांवर कुंचल्यानं मार्का मारण्यात. माझ्या मताला कोण विचारतं? पण ह्या एका बाबतीत त्यांच्या मुखेडातलं शेंबडं पोरगंसुद्धा माझ्या बाजूनं साक्ष देईल. माझी लेक त्यांच्या घरात दिली, म्हणून ते माझे व्याही. आमच्या बोलीत इवाई. प्राथमिक शाळेत मास्तर होते, आता रिटायर आहेत. म्हणजे त्यांच्यापासून शाळा रिटायर झाली. मास्तर काही रिटायर झाला नाही.

सोयरीक जुळवायला ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. बाकीचे पाहुणे पोरीच्या तोंडाकडं बघून राहिले होते आणि हा बाबा तिच्या बोटांकडं. पोहे झाले, चहा झाला. कुणी विचारलं स्वैपाक येतो का, कुणी विचारलं शिवण येतं का. ह्यांनी खिशातून पेन काढला आणि म्हणाले, बाई, ह्या कागदावर तुमच्या गावचं नाव लिहा. पोरीनं लिहिलं. ह्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, दाराच्या उजेडात धरला, आणि शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले, "स्वभाव चांगला हाय. घाई जरा लई करती." आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, आतून कान लावून बसली होती. पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, एवढी वर्षं पोटाशी धरून पोरीचा स्वभाव मला कळला न्हाई, ह्या माणसाला तीन अक्षरांत कळला, म्हणजे एक तर हा लई हुशार हाय, न्हाईतर येडा हाय. लग्नाच्या याद्या झाल्या त्या दिवशी ती शंका फिटली. दोन्हीकडची जाणती माणसं बैठकीला बसलेली, भांडी-कुंडी आणि मानपान एकेक कागदावर उतरून राहिलेलं, आणि मध्येच व्याह्यांनी हात वर केला. पोरीच्या बापाचं काळीज अशा वेळी कुठं असतं ते ज्याला पोरगी आहे त्यालाच विचारा. व्याही म्हणाले, "यादी लिहिणाऱ्याची मांडी चुकली हाय, म्हणून ओळ तिरपी चालली. त्याला आधी नीट बसू द्या, मग पुढं बोला."

मुखेडच्या बाजाराच्या दिवशी ह्या माणसासंगं हिंडणं म्हणजे शिक्षा. माणसं भाजी बघतात, हे पाट्या बघतात. वांगी किडकी निघाली तर चालतील, पण ‘ताजी वांगी’ ही पाटी सुबक पाहिजे. एका भजेवाल्याच्या पाटीवरची अक्षरं उताराला लागल्यासारखी खाली घसरत चाललेली ह्यांना दिसली. ह्यांनी त्याच्याकडून खडू मागून घेतला, पाटी पुसली, आणि नवी लिहून देईपर्यंत त्याला बाजूला उभा करून कोणतं अक्षर कुठून सुरू करायचं ते सांगत राहिले. तेवढ्यात कढईतला घाणा करपला. करपलेली भजी ह्यांनीच विकत घेतली आणि मला खायला लावली. लातूरला आले की स्टँडपासून आमच्या घराची वाट ह्यांना सरता सरत नाही, कारण क्लासवाल्यांचे मोठाले बोर्ड. पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो बघत हे मान वर करून उभे राहतात, मागून ऑटोवाले भोंगे वाजवतात. "नुसती तोंडं लावलीत, इवाई," म्हणतात. "एकाचं तरी अक्षर लावा की."

पण खरे व्याही बघायचे तर उन्हाळ्याच्या सुट्टीत, ऊन चढायच्या आत, त्यांच्या दारातल्या कडुलिंबाखाली. सुट्टी लागली की दुसरीकडच्या लेकरांना मामाचं गाव आठवतं, त्या गल्लीतल्या लेकरांना पोस्टकार्ड. पहिलीपासून चौथीपर्यंतची सारी पलटण सतरंजीवर बसलेली असते, मग त्यात कुणाचा बाप शेतकरी असो, कुणाचा बाप तहसीलमध्ये कारकून असो, कुणाची आई रोजानं जाणारी असो. वह्या गिरवायला ह्यांचा सक्त विरोध. गिरवलेलं अक्षर मुकं राहतं, म्हणतात. कुणाला काही सांगायचं असलं म्हणजे हात आपोआप सुधारतो. म्हणून सुट्टीभर, मग ती दिवाळीची का असेना, आठवड्याला एक पत्र. खरं पत्र, खऱ्या पत्त्यावर, खऱ्या पेटीत. हे कार्डांचा गठ्ठा आणायला पोस्टात गेले की खिडकीतल्या बाईला वाटतं, म्हातारा कसल्या तरी स्पर्धेत भाग घेऊन राहिला.

पत्र लिहायच्या आधी हातात ज्वारीच्या पिठाचा गोळा. लेकरांनी तो मळायचा, थापायचा, म्हणजे बोटं मोकळी होतात. आमच्या विहीणबाई पीठ जातं म्हणून करवादतात आणि तेवढ्यानं काही होत नाही हे माहीत असल्यामुळं त्याच भाकरी चुलीवर टाकून लेकरांनाच चारतात. एका पोराची आई भांडायला आली होती. पोरगं अक्षर शिकायला धाडलं, ते घरी येऊन भाकरी थापायला बसलं, बाप हसून राहिला, म्हणाली. व्याह्यांनी तिला शांतपणे विचारलं, गोल येती का? येती, म्हणाली. "मग अक्षर बी येईल. जा."

पत्राचे कायदे तर विचारू नका. ‘पत्रास कारण की’ लिहायचं नाही. ‘इकडील सर्व ठीक’ लिहायचं नाही, कारण कुणाकडंच सगळं ठीक नसतं आणि लेकरांना ते मोठ्यांपेक्षा आधी कळतं. आपण स्वतः डोळ्यांनी बघितलेली एक गोष्ट लिहायची. शेवटी एक प्रश्न विचारायचा, आणि तो असा की वाचणाऱ्याला बुड हलवल्याशिवाय उत्तर देता येऊ नये. ज्याला पत्र मिळालं त्यानं न लागलेल्या शब्दाभोवती गोल काढून उत्तरासंगं कळवायचं. लेकरानं तो शब्द पुढच्या पत्रात नव्या वाक्यात लिहायचा. लोह्याच्या एका मावशीला भाच्यानं विचारलं, तुमच्या स्टँडवर कुत्री किती आणि त्यातली लंगडी किती? मावशी बिचारी उन्हाची मोजायला गेली. एका पोराला पत्र लिहायला दुसऱ्या गावात कुणीच नव्हतं, तर व्याह्यांनी त्याला पोस्टमनलाच लिहायला लावलं. पोस्टमननं शिक्का मारला, पोस्टाच्या पायऱ्या उतरला, परत चढला आणि स्वतःलाच पत्र दिलं. उत्तरही धाडलं. माझ्या मुलानं एकदा सुचवलं की पत्राचा मोबाईलवर फोटो धाडा, लगेच पोचेल, तर व्याही त्याला म्हणाले, लगेच पोचलं तर वाट कधी बघायची?

आणि सगळ्यात मोठा भर पत्त्यावर. आत काहीही वाकडं असू द्या, पत्ता सरळ पाहिजे. "पत्र माणसावर जात न्हाई, पत्त्यावर जातं," हे वाक्य त्या कडुलिंबाखाली इतक्यांदा बोललं गेलं आहे की त्यावरचे कावळेसुद्धा ते म्हणत असतील. ह्याच वाक्यानं पुढं व्याह्यांना अडचणीत आणलं, आणि व्याह्यांपेक्षा मला.

माझी नात, लेकीची लेक, आरू, ह्याच कडुलिंबाखाली बसते. व्याह्यांना ती आजोबा म्हणते आणि मला आबा. औंदा दुसरीत गेली. तिची पत्रं आमच्या मंडळीला यायची. मंडळीला लिहिता-वाचता काही येत नव्हतं. मी एकेक शब्द उकलून वाचायचो, ती ऐकायची, मग प्रश्नाचं उत्तर शोधायला उठायची, आणि आल्यावर सांगायची, लिही. मी लिहायचो. माझं अक्षर पोत्यावरचं. ते रस्त्याच्या पलीकडून वाचता यावं असंच मला शिकवलेलं. जाड मार्कर घेऊन मी कार्डावर लिहायला बसलो की दोन वाक्यांत कार्ड भरायचं आणि शेवटचा शब्द कडेला लोंबकळायचा. कधी एका उत्तराला तीन कार्डं लागायची. व्याह्यांनी माझं अक्षर बघून एवढंच म्हटलं होतं, "इवाई, हे अक्षर म्हणजे बैल हाय. देखणं न्हाई, पण वाट सोडत न्हाई."

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आरूनं विचारलं होतं, मुंग्या कधी झोपतात? मंडळी सारी दुपार भिंतीच्या कडेला उकिडवी बसली. मी दोनदा चहाचं विचारलं तर मला हातानंच गप्प केलं. उठली ती गुडघे धरून, आणि म्हणाली, "लिही. मुंग्या झोपत न्हाईत. त्यायच्या घरी सासू हाय." मी लिहिलं आणि खाली नेहमीप्रमाणं ‘तुझी आजी’ असं घातलं. ते कार्ड मुखेडला भिंतीवर चिकटवलेलं आहे. विहीणबाई त्या कार्डाखालीच भाजी निवडत बसतात.

संक्रांतीनंतर मंडळी गेली. फार दिवस बिमार नव्हती, फार सांगण्यासारखं नाही. दहाव्याला मुखेडची सगळी माणसं आली होती. बायका रडून थकल्या होत्या आणि आरू कुणाच्या तरी मांडीवर बसून सांगत होती, माझ्या आजीचं अक्षर लई मोठं होतं, आमच्या भिंतीवर हाय. मंडळीनं जन्मात पेन्सिल धरली नव्हती हे तिथल्या प्रत्येकाला माहीत. त्या पोरीच्या हिशेबानं ते अक्षर आजीचं होतं हे मला त्या दिवशी कळलं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि एक दिवस आमच्या दारात कार्ड पडलं. वर मंडळीचं नाव, खाली आमचा पत्ता. लेकीनं फोनवर सांगितलं, मी तिला म्हणाले की बाई आता आबांना लिही, तर ती म्हणती, आजोबा सांगतात पत्र माणसावर जात न्हाई, पत्त्यावर जातं, आन आजीचा पत्ता तर तोच हाय. आता ह्याला काय बोलणार? कार्डात लिहिलं होतं की मागच्या घरची कोंबडी अंड्यांवर बसली आहे आणि उठतच नाही. तिला कंटाळा येत नाही का? आजी, तुझ्या गल्लीतल्या कोंबडीला विचारून सांग.

मी ते कार्ड फळीवर ठेवलं. उत्तर द्यावं तर अक्षर तेच. पोरीला वाटेल आजीनंच लिहिलं, आणि मग रोज पोस्टमनची वाट बघेल. न द्यावं तर... पण मला द्यायला तरी काय येत होतं? कोंबडीच्या कंटाळ्याबद्दल मंडळी काय बोलली असती हे मी बाजेवर पडून लई आठवून बघितलं. आमच्या घरात बोलायचं काम तिचं होतं. माझं काम हूं म्हणायचं. कार्ड तिथंच राहिलं. मग लेकीचा परत फोन आला. आरूनं पेन्सिल ठेवून दिली. कडुलिंबाखाली बसते, पीठ मळते, पण लिहीत नाही. म्हणते, आधी आजीचं उत्तर येऊ द्या. शाळा सुरू व्हायला आली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं व्याही दारात हजर. फोन नाही, निरोप नाही. हात-पाय धुतले, मी केलेला चहा प्याले, वाईट होता तरी बशी पुसून प्याले. मग म्हणाले,

"इवाई, पत्र आलं?"

"आलं."

"वाचता आलं का?"

"सारं आलं. एक बी गोल न्हाई."

"मग?"

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मग काय? तुमच्या त्या पत्त्याच्या नादानं हे झालं. गेलेल्या माणसाला पत्र टाकू देतं का कुणी? मास्तर हाव का कोण तुमी?"

दुसरा कुणी असता तर पिशवी उचलून निघाला असता. हे जागचे हलले नाहीत. म्हणाले, "म्या तिला न्हाईच म्हणणार होतो. कार्ड हातात घेतलं आन अक्षर बघितलं. कोऱ्या कार्डावर रेघ नसती, इवाई. ती पोरगी वहीत आखलेल्या रेघेवर बी घसरायची. ह्या कार्डावर एक शब्द वर-खाली न्हाई. एवढं जीव लावून लिहिलेलं माझ्यानं फाडवलं न्हाई. टाकलं पेटीत."

मग त्यांनी पिशवीतून कार्डांची एक चळत काढली आणि शरमल्यासारखी माझ्यापुढं सरकवली. सगळ्या कार्डांवर जाड मार्करनं लिहिलेलं होतं, अर्धवट सोडलेलं. ह्या माणसानं माझं अक्षर काढायचा प्रयत्न केला होता. आजीचं उत्तर आपणच लिहून आणावं असं मनात आलं आणि घरातल्यांच्या चोरून गोठ्यात बसला. मोठं अक्षर काढलं तर ते गोलच येई. वाकडं काढलं तर त्याला आपोआप वळण पडे. "सारी दुपार बसलो," म्हणाले. "तुमच्यावानी वाईट येईना." ज्या माणसाच्या अक्षराची तालुकाभर कदर आहे त्याला माझ्या अक्षरानं घाम फोडला होता. मंडळी गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. हसता हसता दुसरंच काहीतरी झालं, तर हे उठून उगाच खिडकीतून बाहेर बघत राहिले.

"खोटं लिहू का तिला?" मी विचारलं.

"न्हाई. खरं लिहा. पण त्याच हातानं लिहा."

पण त्याआधी प्रश्नाचं उत्तर पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कायदा तो कायदा. आमच्या गल्लीत एका घरी कोंबडी बसवलेली होती. भर दुपारी आम्ही दोघं म्हातारे त्या टोपलीपुढं जाऊन उकिडवे बसलो. घरची बाई बाहेर आली, तिनं विचारलं, काका, काही हरवलं का? व्याह्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "विचारून राहिलो," म्हणाले. बाई आत गेली आणि सासूला घेऊन परत आली, दोघी दारात उभ्या राहून आमच्याकडं बघत राहिल्या. कोंबडी आम्हा चौघांकडं बघत राहिली. पायाला मुंग्या आल्या तरी व्याही उठेनात. शेवटी कोंबडीच उठली. चार दाणे टिपले, पाणी प्याली, अंगाला धूळ लावून घेतली आणि कुणीतरी हाक मारल्यासारखी पळत परत जाऊन बसली. व्याह्यांनी मला कोपरानं ढोसलं, जणू हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

घरी येऊन मी मार्कर घेतला. लिहिलं: आरू, हे अक्षर आबाचं हाय. पहिलं बी माझंच होतं. आजीला लिहिता येत नव्हतं. बोलणं तिचं होतं. आजी आता न्हाई, म्हणून कोंबडीला मी विचारलं. ती एकदा उठती, खाती आन पळत परत येती. कंटाळा दिसला न्हाई. तुझा आबा. ह्याला बरीच कार्डं लागली. व्याह्यांनी एकेक वाचलं, कुठं गोल काढला नाही, फक्त पत्ता मला परत लिहायला लावला.

मी म्हणालो, आता तुम्ही त्याच घरी चालला आहात तर हातानंच न्या. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्यांना चोरी करायला सांगितलं. हातानं दिली ती चिठ्ठी, म्हणाले, पत्र न्हाई. स्टँडजवळच्या लाल पेटीत त्यांनी ती कार्डं टाकली, आत पडल्याचा आवाज ऐकायला पेटीला कान लावला, आणि मुखेडच्याच गाडीत बसून गेले. पुढं लेकीकडून कळलं की कार्डं पोचेपर्यंत घरात हा माणूस पत्राबद्दल चकार शब्द बोलला नाही. पोरीनं विचारलं, आजोबा, कुठं गेला होता? तर म्हणाले, कोंबडी बघायला.

आता आरूचं कार्ड आलं आहे. ह्या वेळी वर माझं नाव आहे. ओळ सरळ आहे, एकही शब्द अडला नाही. मागच्या घरी पिल्लं निघाली, त्यातलं एक काळं आहे, सगळे त्याला टोचतात पण ते ऐकत नाही, असं लिहिलं आहे. आणि शेवटी कायद्याप्रमाणं प्रश्न: आबा, अक्षर तुझं, तर मग आता बोलणं कुणाचं?

व्याह्यांचा फोन आला होता. वाचता आलं का, एवढंच विचारलं. आलं, म्हणालो. उत्तर? अजून न्हाई, म्हणालो. तेव्हा जन्मात कुठल्या लेकराला दिली नसेल ती सवलत त्यांनी मला दिली. म्हणाले, घाई करू नका, सुट्टी संपल्यावर आलं तरी चालंल.

आमच्या गल्लीतल्या कोंबडीचीही पिल्लं निघालीत. दारासमोरून चिवचिवत जातात. मंडळी असती तर त्यांच्याकडं बघून काहीतरी बोलली असती, आणि मी मार्करचं टोपण काढून, आता ती काय म्हणते म्हणून तिच्या तोंडाकडं बघत बसलो असतो. कार्ड समोर आहे. टोपण मी काढलेलंच आहे.